तो उपचार शोधतच होता, पण कानाचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत मानसिक आजारांवर लेख येतात, त्यांची कात्रणं मी काढून ठेवते. बहुतेक लेख शेवटी एकाच वाक्यावर येऊन थांबतात: ‘अशी लक्षणे आढळल्यास तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.’ आज त्या वाक्याबद्दल लिहायचं आहे. वाक्य खरं आहे, पण ते ज्याला उद्देशून लिहिलं जातं त्याला आपण आजारी आहोत हे पटलेलंच नसतं, अशी कितीतरी माणसं आहेत. माझा मोठा भाऊ त्यांतला एक. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. हे पत्र मी त्याला आधी वाचून दाखवलं आहे आणि त्याच्या संमतीनेच पाठवते आहे.

दादा ड्राफ्ट्समन होता. रेघ अशी मारायचा की पुसायची वेळ येत नसे. पंचविशीत त्याची झोप उडाली. रात्रभर टेबलाशी बसायचा, पण कागदावर काही उमटायचं नाही. मग ऑफिसातली माणसं भिंतीपलीकडून आपल्याबद्दल बोलतात असं त्याला वाटू लागलं. घरी आल्यावरही त्यांचं बोलणं थांबेना. आणि इथे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते घडलं: दादा आपणहून डॉक्टरकडे गेला. कानाच्या. ‘मला नको ते ऐकू येतं’ असं त्याने सांगितलं. बंद खोलीत हेडफोन लावून तपासणी झाली, श्रवण उत्तम निघालं. कानात आवाज घुमतो का, चक्कर येते का, असं विचारलं गेलं. जे ऐकू येतं ते शब्द आहेत का, कुणाचा आवाज असतो, ते तुमच्याशी बोलतात की तुमच्याविषयी, हे कुणी विचारलं नाही. पुढे डोकेदुखीसाठी फिजिशियन झाले, मेंदूचा स्कॅन झाला. फाईल जाड होत गेली आणि दर पानावर ‘नॉर्मल’. आईला तो शब्द वाचून हायसं वाटायचं. दादाला मात्र त्यातून एवढंच कळायचं की डॉक्टरही त्या लोकांना सामील आहेत.

म्हणून ‘मानसिक आजाराचे लोक उपचार घ्यायला तयार नसतात’ असं सरसकट लिहिलेलं वाचलं की मला राहवत नाही. ते जातात. आपल्याला जे झालंय असं त्यांना वाटतं, त्याच्या डॉक्टरकडे जातात. नैराश्य आलेला माणूस पाठदुखी, अपचन आणि न जाणारा थकवा घेऊन जातो. पॅनिक अटॅक आलेली बाई छातीवर हात दाबून थेट हृदयरोग विभागात पोचते, तिचा ईसीजी स्वच्छ निघतो आणि ‘काही नाही, घरी जा’ म्हणून तिला परत पाठवलं जातं. काही नाही कसं? तिला तर वाटलेलं असतं की आपण मरतोय. तिथेच कुणी समजावलं असतं, की हा भीतीचा झटका आहे, तो काही मिनिटांत कळसाला पोचून ओसरतो आणि त्याच्यावर उपचार आहेत, तर पुढची कित्येक वर्षं वाचली असती. वर्षं हा शब्द मी वाढवून वापरलेला नाही. १५ देशांत झालेल्या जागतिक मानसिक आरोग्य पाहणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. त्यात आजार सुरू होण्यापासून उपचारासाठी पहिला संपर्क होईपर्यंतचा मध्यक विलंब (निम्म्या लोकांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) चिंताविकारांत देशागणिक ३ ते ३० वर्षं निघाला, आणि नैराश्यासारख्या मनःस्थितीच्या आजारांत १ ते १४ वर्षं. हे आकडेही केवळ जे कधी ना कधी पोचले त्यांचे. जे पोचलेच नाहीत ते यात मोजलेले नाहीत. सायकोसिस, म्हणजे स्किझोफ्रेनियासारखे भास आणि भ्रम होणारे आजार, यांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अहवाल सांगतो की जगभरातल्या अशा रुग्णांपैकी ७१ टक्के लोकांना मानसिक आरोग्यसेवा मिळतच नाही.

दादाच्या आजारावरचं पहिलं प्रभावी औषध, क्लोरप्रोमाझिन, १९५२ साली पॅरिसमध्ये वापरात आलं. म्हणजे आमच्या दादाच्या जन्माआधी. औषध केव्हाचं तयार होतं, त्याच्यापर्यंत जायचा रस्ता आम्हाला कुणी दाखवला नव्हता.

आपल्याला आजार आहे हेच न कळणं, हा हट्ट नसतो. हे घरच्यांना कुणीतरी ठासून सांगायला हवं, म्हणून मी ते इथे लिहिते. मेंदूला इजा होऊन डावी बाजू लुळी पडलेले काही रुग्ण ‘माझा हात चांगला चालतोय’ असं मनापासून सांगत, हे बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरांनी १९१४ साली नोंदवलं होतं. स्किझोफ्रेनियातही अशीच स्थिती पुष्कळ रुग्णांत दिसते. हात लुळा पडलेल्या माणसावर आपण ओरडत नाही. पण ‘तुला वेड लागलंय, कबूल कर’ म्हणून घराघरांतून रोज वाद होतात, रडारड होते, शपथा घातल्या जातात, आणि त्या वादाने आजवर कुणाला पटल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. भिंतीआडची माणसं त्याला खरीच ऐकू येत असतात. आपण ‘तिथे कुणी नाही’ म्हणतो तेव्हा त्याच्या दृष्टीने खोटं आपण बोलत असतो.

आमचं पाऊल पुढे पडलं ते झोपेमुळे. एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी मला दादाविना भेटायची वेळ दिली. रुग्ण येत नसेल तर घरच्यांनी आधी एकट्याने येऊन बोलावं, हे शक्य असतं हेच मला तोवर माहीत नव्हतं आणि माझ्या कात्रणांतल्या एकाही लेखात ते नव्हतं. त्या म्हणाल्या, आवाज खरे की खोटे या वादात पडू नका, त्याला स्वतःला सगळ्यांत जास्त त्रास कशाचा होतो ते विचारा. मी विचारलं. दादा म्हणाला, ‘झोप नाही गं. किती दिवसांत नाही.’ मग मी त्याला म्हटलं, झोपेसाठी एक डॉक्टर आहेत, त्या मनाचे आजार बघतात, झोपेचेही बघतात, मी बरोबर येते. तो आला. यात फसवणूक नव्हती. झोप खरंच गेली होती आणि त्या बाई खरंच त्यावर उपचार करणार होत्या. पुढे मला कळलं की झेव्हियर अमॅडॉर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हीच पद्धत टप्पे पाडून शिकवली आहे: आधी ऐका, त्याचा त्रास समजून घ्या, ज्यावर दोघांचं एकमत होईल तेवढाच मुद्दा शोधा आणि तिथून बरोबर चाला. त्यांच्या स्वतःच्या भावाला स्किझोफ्रेनिया होता. भाऊ औषध घेत नाही म्हणून भांडून झाल्यावर सुचलेला हा मार्ग आहे, म्हणून मला त्यावर भरवसा वाटतो.

याच्या अगदी उलट एक गोष्ट सर्रास चालते आणि तिच्याविरुद्ध मला स्पष्ट लिहायचं आहे. रुग्णाला न सांगता, कशात तरी कालवून गोळ्या देणं. घरचे किती हतबल झालेले असतात ते मी जाणते, त्यांना दोष देत नाही. पण ज्याला आधीच वाटतंय की आपल्याला कुणीतरी विष घालतंय, त्याला एक दिवस भांड्याच्या तळाशी गोळीचा चुरा सापडतो. त्या दिवसानंतर त्याने कुणावर विश्वास ठेवावा? शिवाय आपण काही घेतोय हेच माहीत नसलेला माणूस हात थरथरतोय, जीभ जड झाली, हे औषधाशी कसं जोडणार? आमच्याही घरी हा सल्ला आला होता, तोही शिकलेल्या माणसाकडून. मी नाही म्हटलं आणि आजही नाहीच म्हणेन.

मांत्रिक आणि भविष्यवाल्यांकडे जाणाऱ्यांना आपल्या लेखांतून अडाणी म्हटलं जातं. तसं म्हणून कुणी तिकडे जायचं थांबत नाही. तिथे अख्ख्या कुटुंबाला एकत्र बसवून ऐकून घेतात, त्याच दिवशी भेटतात, ‘यात तुमचा दोष नाही’ असं सांगतात. दवाखान्यात या तीनही गोष्टी मिळाल्या तर माणसं तिथे जातील. मारहाण, साखळदंड, उपाशी ठेवणं यांना मात्र कुठेही, कुणाच्याही नावाखाली जागा असता कामा नये.

आता पहिल्या भेटीबद्दल. लोक घाबरतात ते या भेटीला, आणि तिच्याविषयी कुणी काही लिहीत नाही. तिथे माणसाला कोंडून ठेवत नाहीत. बहुतेकांना त्याच दिवशी गोळ्या देऊन घरी पाठवतात. डॉक्टर रुग्णाशी एकट्याशी बोलतात, घरच्यांशी वेगळं बोलतात, मग सगळ्यांशी मिळून. मी जाताना एका कागदावर तारीखवार लिहून नेलं होतं: झोप कधीपासून गेली, कामावर जाणं कधी थांबलं, कुठली वाक्यं तो परत परत बोलतो, आधी कुठल्या गोळ्या झाल्या, नात्यात कुणाला असा आजार होता का. त्या कागदाने जेवढं काम केलं तेवढं त्या जाड फाईलने केलं नाही, कारण डॉक्टरसमोर बसलं की दादा तेवढा वेळ अगदी नीटनेटका बोलायचा. नशेची सवय असेल तर तीही सांगावी, लपवू नये. गांजाचा या आजाराशी संबंध असतो. पूर्वी कधी भलताच उत्साह, न झोपताही ताजंतवानं वाटणं, वारेमाप खर्च असा काळ येऊन गेला असेल तर तो आवर्जून सांगावा. तो बायपोलर आजार असू शकतो, आणि त्यात नुसती नैराश्याची गोळी दिली तर माणूस उलट्या टोकाला जाण्याचा धोका असतो.

डॉक्टर रक्त तपासायला सांगतात तेव्हा ‘मनाच्या आजाराला रक्त कशाला’ म्हणून काही जण चिडतात. थायरॉइड मंदावला तरी माणूस उदास, सुस्त होतो. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं तरी मन आणि स्मरण बिघडतं. २००७ साली जोसेप डालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूदाहाच्या एका प्रकाराचं मूळ शोधून काढलं, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतल्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या संदेश पकडणाऱ्या जागांवर, उलटते. त्याच्या रुग्णांत तरुण मुली पुष्कळ, आणि भास, संशय, विचित्र वागणं यांमुळे त्यांतल्या अनेक जणी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडेच येतात. वेळेत ओळखलं तर त्यावर निराळे उपचार आहेत. तपासण्या अशासाठी असतात.

आणि मग दुसरा आठवडा. संपादक महोदय, कधी जागा झाली तर एक पूर्ण लेख फक्त या दुसऱ्या आठवड्यावर छापा. औषधाचा त्रास आधी येतो आणि गुण मागाहून. नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ आणि बेचैनी मात्र पहिल्या दिवसांतच. दादाला पहिल्या गोळीने पाय स्वस्थ बसू देईनात. बसला की उठायचा, उठला की फेऱ्या. नातेवाईक म्हणाले, बघा, होता तोही बिघडला. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी मात्रा कमी केली, जोडीला एक गोळी दिली आणि फेऱ्या थांबल्या. या ठिकाणी किती घरांत औषध कायमचं बंद होत असेल! आवाज एका दिवसात गेले नाहीत. दादा सांगतो की ते आधी लांब गेले, मग त्यांच्या बोलण्यात त्याला रस वाटेनासा झाला. बरं वाटू लागल्यावर गोळ्या सोडण्याचा मोह होतो तो तर जास्तच घातक. स्किझोफ्रेनियासारख्या आजाराच्या पहिल्या झटक्यातून सावरलेल्यांचा पाच वर्षं पाठपुरावा करणारा एक अभ्यास १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. औषध थांबवलेल्यांत आजार उलटण्याचा धोका जवळपास पाचपट दिसला. थांबवायचंच असेल तर डॉक्टरांशी बोलून, हळूहळू.

एका गोष्टीत मात्र थांबून चालत नाही. घरातलं माणूस ‘जगून काय करू’ म्हणू लागलं, निरवानिरव करू लागलं, तर त्याला सरळ विचारावं की जीव द्यायचा विचार मनात येतो का. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नये, औषधांचा साठा आणि कीटकनाशक हाताशी राहू देऊ नये, आणि त्याच दिवशी, जवळ असेल त्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावं. तिथे मानसोपचारतज्ज्ञ नसले तरी न्यावं.

हे सगळं वर्तमानपत्राला लिहिण्याचं कारण नॉर्वे आहे. तिथल्या रोगालांड परगण्यात १९९७ पासून एक प्रयोग झाला. सायकोसिसची सुरुवातीची चिन्हं कशी ओळखावीत, हे वर्तमानपत्रांत मोठ्या जाहिराती देऊन, घरोघरी पत्रकं वाटून, शाळांतल्या शिक्षकांना सांगून लोकांपर्यंत नेलं. आणि त्याबरोबर एक फोन दिला, ज्यावर आई, बाप, शिक्षक, मित्र, कुणीही बोलू शकत होतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीची गरज नव्हती. तुलनेसाठी घेतलेल्या इतर भागांत आजार सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंतचा मध्यक काळ १६ आठवडे होता. रोगालांडमध्ये तो ५ आठवड्यांवर आला. दहा वर्षांनी पाहिलं तेव्हा तिथल्या रुग्णांपैकी सुमारे ३१ टक्के पूर्ण सावरले होते, इतरत्र १५ टक्के. मला हलवून गेली ती मात्र पुढची गोष्ट. जाहिराती थांबवल्या, फोन आणि तपासणारं पथक चालूच ठेवलं, तरी विलंब पुन्हा १५ आठवड्यांवर गेला. म्हणजे छापणं थांबलं तशी माणसं उशिरा येऊ लागली. आपल्या हातात काय आहे, ते यावरून आपल्या ध्यानात यावं.

मग बातम्यांच्या मथळ्यांचंही बोलायला हवं. कुठे खून झाला आणि आरोपीवर कधी मानसिक उपचार झाले होते असं कळलं, की पहिल्या पानावर ‘मनोरुग्णाचे कृत्य’ असा मथळा येतो. तपास व्हायचा असतो, निदान ठरायचं असतं. दादाला डॉक्टरकडे नेण्याच्या खटपटीत होते तेव्हा असाच एक मथळा त्याने माझ्यापुढे धरला आणि विचारलं, ‘तू मला यांच्यात बसवणार?’ त्या दिवशी त्याच्यापुढे माझं काही चाललं नाही आणि त्यानंतर बरेच महिने तो डॉक्टरांचा विषयही काढू देईना. या आजारांची माणसं दुसऱ्यांवर हात उगारण्यापेक्षा स्वतःच मार खाण्याची, लुबाडली जाण्याची शक्यता अधिक असते. हे आपल्या वृत्तसंपादकांना ठाऊक असेलच. मग मथळा देताना आजाराचा गुन्ह्याशी संबंध सिद्ध झाला आहे का, एवढं त्यांनी विचारावं.

माझी मागणी छोटी आहे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या पानावर, एक चौकट. तिच्यात लक्षणांची यादी नको. ती लोकांना पाठ झाली आहे. आपलं वर्तमानपत्र जिथे जिथे पोचतं, तिथल्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग कोणत्या वारी, कोणत्या वेळी चालतो, केसपेपर कुठे काढायचा, रुग्ण आला नाही तर घरच्यांशी कोण बोलेल, रात्री फोन कुठे करायचा, हे छापा. दर महिन्याला ते पडताळून घ्या, कारण एकदा लागला नाही तो फोन माणूस पुन्हा लावत नाही. आणि ‘तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा’ या वाक्याच्या जागी घरच्यांना उद्देशून लिहा: तो येत नसेल तर तुम्ही आधी जा.

दादाने एक भर घालायला सांगितली आहे, ती त्याच्याच शब्दांत देते: ‘गाडीत बसवताना कुठे नेताय ते खरं सांगा. दारात पोचल्यावर कळलं तर पुढचा डॉक्टर कितीही चांगला असला तरी त्याचं ऐकू येत नाही.’

चौकटीचा पहिला मसुदा करून द्यायला मी तयार आहे. आमच्या भागातल्या रुग्णालयांच्या वेळा मी स्वतः फोन करून नोंदवून ठेवल्या आहेत. आपण कळवलंत तर लगेच पाठवते.

आपली,
एका रुग्णाची बहीण
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे, कृपया छापू नये.)